बुटाचा रंग आणि माणसाची पारख

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी सायंकाळी आमच्याकडे दूरध्वनी आला. बोलणारा मुलगा इथे मिडलँड्समध्ये स्थायिक झालेल्या आपल्याच एका कुटुंबातील. नुकताच पदवीधर झालेला, हुशार आणि थोडासा घाबरलेला. म्हणाला, "जयभीम काका. परवा लंडनला मुलाखत आहे. सूट नेव्ही ब्लू आहे. बूट काळे घालू की चॉकलेटी? बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, डॉक्टरकाकांना विचार."

आम्हास हसू आले. इतकी वर्षे समाजबांधवांनी आम्हास रक्तदाबाविषयी विचारले, साखरेविषयी विचारले, गुडघ्यांविषयी विचारले. बुटाच्या रंगाविषयी सल्ला मागणारा हा पहिलाच. आम्ही त्यास उत्तर दिले, "काळे घाल, आणि आज रात्रीच पॉलिश करून ठेव." तो आभार मानून मोकळा झाला. आमचे मन मात्र मोकळे झाले नाही. काय घालावे ते आम्ही सांगितले होते, का घालावे ते सांगितले नव्हते. ते राहून गेलेले 'का' या लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे.

स्मरणिकेत बुटाच्या रंगावर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. पण पायातल्या वस्तूचा इतिहास ज्यांच्या वाट्यास आपल्यासारखा आला, त्यांनी तरी हा विषय क्षुल्लक मानू नये, असे आमचे नम्र मत आहे.

आमचे आजोबा मराठवाड्यातील एका खेड्यात येसकरकी करीत. त्यांच्याकडे वहाणांचा एक जोड होता. गावच्या मुख्य गल्लीत शिरण्यापूर्वी ते तो पायातून काढून हातात घेत आणि वाडे ओलांडून गेल्यावर पुन्हा पायात घालत. चैत्र-वैशाखातल्या तापलेल्या फुफाट्यातही या क्रमात बदल नसे. हा नियम कोठे लिहिलेला नव्हता. परंतु गावातल्या शेंबड्या पोरालाही तो पाठ होता. मेलेले जनावर ओढून नेणारा, त्याचे कातडे कमावणारा आणि त्या कातड्याचा जोडा शिवणारा हे तिघेही गावकुसाबाहेरचे. आणि जोडा घालून गावातून ताठ चालण्याचा अधिकार मात्र या तिघांपैकी एकालाही नाही. "पायातली वहाण पायातच बरी" ही म्हण आपल्या भाषेत वहाणेविषयी नाही, माणसांविषयी आहे, हे आपणास वेगळे सांगावयास नको.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे बोलताना पोशाखाचा विषय काढला. लुगडे नेसण्याची जी पद्धत आणि अंगावरचे जे दागिने पाहताच जात ओळखू येते, ते टाकून द्या, नीटनेटके नेसा, असे त्यांनी सांगितले. श्रीमंत दिसा, असे ते म्हणाले नव्हते. पोशाख ही समाजाने आपल्यावर मारलेली खूण असेल, तर ती खूण पुसणे आपल्या हातात आहे, एवढाच त्याचा अर्थ. स्वतः बाबासाहेब प्रसंग ओळखून पोशाख करीत. लंडनमध्ये आणि पुढे न्यायालयात, विधिमंडळात व संविधान सभेत सूट. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पांढरी वस्त्रे. आज गावोगावी दिसणाऱ्या त्यांच्या पुतळ्यांना निळा सूट आणि बहुधा काळे बूट रंगविलेले असतात. रंगविणाऱ्या कारागिराने इंग्रजी शिष्टाचाराचे पुस्तक वाचलेले नसेल. पण निळ्याखाली काळा ही त्याने साधलेली जोडी लंडनच्या कोणत्याही कचेरीत बिनचूक ठरेल.

हे ज्ञान आम्हास मात्र उशिरा झाले. १९९८ साली आम्ही या देशात आलो. निघण्यापूर्वी वडिलांनी तेव्हाच्या औरंगाबादेत आम्हास दोन गोष्टी घेऊन दिल्या: चारकोल म्हणजे कोळशासारख्या गडद करड्या रंगाच्या कापडाचा शिवलेला सूट आणि एक बुटांचा जोड. वडील डाक खात्यात कारकून. मिलिंद महाविद्यालयात ते शिकले तेव्हा त्यांच्या पायात टायरच्या चपला होत्या. दुकानदाराने काळे बूट पुढे केले, तेव्हा वडिलांनी ते बाजूला सारले. काळे बूट शाळेतली मुले घालतात, पोलीस घालतात; मुलगा विलायतेला चालला आहे, साहेबाचे बूट दाखवा, असे ते म्हणाले. मग फळीवरचा सर्वांत महागडा जोड उतरला. रंग टॅन, कोऱ्या कोल्हापुरी चपलेचा असतो तसा उजळ तांबूस. वडिलांच्या पगाराचा मोठा हिस्सा त्यात गेला.

तेच बूट घालून आम्ही इथल्या पहिल्या मुलाखतीस गेलो. समोर तिघे बसले होते. त्यांतील एका वयस्क गृहस्थांची नजर आमच्या चेहऱ्यावरून खाली उतरली, बुटांवर क्षणभर थांबली आणि मग ते शेजाऱ्याकडे पाहून किंचित हसले. ती नोकरी आम्हास मिळाली नाही. ती बुटांमुळेच गेली, असा आमचा दावा नाही. आमचे इंग्रजी अडखळत होते आणि इथला अनुभवही नव्हता. परंतु सायंकाळी वसतिगृहात एका ज्येष्ठ सिंहली डॉक्टरांनी आम्हास जवळ बसवून सांगितले, "मित्रा, चारकोल सुटाखाली हा रंग इथे चालत नाही. काळे बूट घे." ते ऐकून आम्हास राग आला. तो त्या डॉक्टरांचा नव्हे, हसणाऱ्या गृहस्थांचाही नव्हे; वडिलांच्या निवडीचा. आणि दुसऱ्याच क्षणी त्या रागाची इतकी लाज वाटली की आजही ती पुरती गेलेली नाही.

पुढे आम्ही हे नियम कुतूहलाने शिकलो. त्यांचे मूळ समजले की त्यांची भीती कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

इंग्रज माणसाच्या मनात शहर आणि खेडे यांचे पोशाख वेगळे होते. शहर म्हणजे काम, न्यायालय, पेढी, अंत्ययात्रा. तिथे गडद सूट आणि काळे बूट. खेडे म्हणजे शिकार, चिखल, फेरफटका. तिथे जाड लोकरीचे ट्वीड आणि तपकिरी बूट. शहरात तपकिरी नको, हा इथला जुना दंडक त्यातून आला. सायंकाळी सहानंतर तपकिरी नको, हा त्याचाच धाकटा भाऊ. इटलीतील लोकांनी हा दंडक कधीच फारसा मानला नाही. नेव्ही ब्लू सुटाखाली तपकिरी बूट ही त्यांची लाडकी जोडी आहे, आणि ती सुंदर दिसते. म्हणजे हा निसर्गाचा नियम नव्हे, एका समाजाची सवय आहे.

सवय असली तरी ती ज्यांच्यात वावरावयाचे त्यांची आहे, म्हणून ती ठाऊक असावी. तरुणांच्या उपयोगासाठी आम्ही ती थोडक्यात सांगतो.

काळ्या सुटाखाली फक्त काळे बूट. या देशात काळा सूट मुख्यतः अंत्यविधीचा आणि सायंकाळचा; आपल्याकडे लग्नात मिरवितात तसा तो दिवसा मिरवू नये. चारकोल सुटाखाली काळे उत्तम. अगदी गडद मरूनही शोभतात, मात्र टॅन नको. नेव्ही ब्लू हा सर्वांत उदार सूट. त्याखाली काळे, गडद चॉकलेटी आणि मरून हे तिन्ही रंग चालतात. पण मुलाखत, न्यायालय किंवा मोठ्या साहेबांची भेट असेल तर काळेच घालावेत. मध्यम करड्या सुटासही हे तिन्ही रंग मानवतात. फिकट करडा किंवा फिकट निळा उन्हाळी सूट असेल तर काळे बूट खाली जड दिसतात. तिथे तपकिरी आणि टॅन यांची खरी जागा. तपकिरी, बदामी किंवा ट्वीडच्या कपड्यांखाली तपकिरीच्याच छटा घ्याव्यात. रात्रीच्या समारंभाच्या डिनर सुटाखाली काळे, साधे आणि चकचकीत.

संभ्रम पडलाच तर एक सोपी खूणगाठ आहे: बूट पँटीपेक्षा गडद असावेत, निदान फार फिकट नसावेत. कमरेचा पट्टा बुटाच्या रंगाच्या घरातला असावा. मोजे मात्र बुटाशी नव्हे, पँटीशी जुळवावेत, आणि बसल्यावर पोटरी उघडी पडणार नाही इतके लांब असावेत. सुटाखाली पांढरे मोजे कधीही नकोत. पैसे एकाच जोडाचे असतील तर तो काळा घ्यावा; दुसरा गडद चॉकलेटी, तिसरा मरून. टॅनची पाळी चौथी. आमच्या वडिलांनी नेमका चौथा जोड पहिल्यांदा घेतला होता, एवढेच.

वैद्यकीय व्यवसायामुळे दोन शब्द पायांविषयीही लिहितो. बूट दुपारनंतर विकत घ्यावेत. दिवसभरात पाय किंचित सुजतात आणि सकाळी नीट बसलेला बूट सायंकाळी चावू लागतो. बालपण अनवाणी किंवा चपलेत गेले असेल तर पंजा बहुधा रुंद असतो. अशांनी रुंद मापाचे बूट मागण्यात संकोच करू नये. नाडीच्या पट्ट्या वरून मोकळ्या उघडणारा डर्बी हा प्रकार अशा पायास सोयीचा. त्या पट्ट्या आत शिवलेला ऑक्सफर्ड अधिक औपचारिक खरा, पण उंच आणि रुंद पायास तो आवळतो. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत मधुमेहाचे प्रमाण इथल्या गोऱ्या समाजाहून अधिक आहे. मधुमेह्याच्या पायाची संवेदना कमी झाली की घट्ट बुटाने पडलेली जखम त्याच्या लक्षातच येत नाही. रंग चुकला तर लोक हसतील; माप चुकले तर पाय जाण्याची वेळ येऊ शकते. म्हणून आधी माप, मग रंग.

बूट महागच हवेत असेही नाही. कातडे घाम शोषून घेते, म्हणून एकच जोड रोज न घालता त्याला एक दिवस विश्रांती द्यावी, आत लाकडी साचा ठेवावा, ब्रशने धूळ झाडून मेणाचे पॉलिश लावावे आणि झिजलेली टाच वेळेवर बदलावी. स्वच्छ, पॉलिश केलेला स्वस्त बूट मळक्या महाग बुटाहून केव्हाही बरा. आमच्या आजोबांच्या वहाणा शंभर ठिकाणी शिवलेल्या होत्या, पण तेल पाजून त्या नेहमी मऊ ठेवलेल्या असत. टापटीप ही श्रीमंतांची मक्तेदारी नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे सारे नियम का पाळावयाचे?

२०१६ साली ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशनने एक अहवाल प्रसिद्ध केला. सामान्य घरांतील हुशार मुले लंडनच्या गुंतवणूक बँकांत का पोहोचत नाहीत, याचा शोध त्यात घेतला होता. इतर कारणांबरोबरच त्यात हेही नोंदविले होते की, काही वरिष्ठांच्या मते सुटाखाली तपकिरी बूट घालणे हे उमेदवार 'आपल्यातला' नसल्याचे लक्षण ठरते. बेताचा सूट, भडक टाय, बुटाचा रंग, अशा गोष्टींवरून लायक मुले मागे पडत होती. हा नियम जाहिरातीत छापलेला नसतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या सूट आहेत, त्यांना तो न सांगता ठाऊक असतो. ज्यांच्या घरात सूट पहिल्यांदाच आला, त्यांना तो अपयश आल्यावर कळतो. पुष्कळांना तेव्हाही कळत नाही.

हे वाचताना आम्हास आजोबांची गल्ली आठवली. लगेच सांगतो, ही दोन दुःखे एका तागडीत घालण्याचे पाप आम्ही करणार नाही. गावातला नियम मोडला तर पाठ सोलून निघे. इथला मोडला तर एक नोकरी जाते आणि न्याय मागावयास कायदा असतो. शिवाय इथल्या नियमाचा फटका गोऱ्या कामगाराच्या मुलासही बसतो. पण दोन्ही नियमांची जातकुळी एक आहे. दोन्ही अलिखित आहेत, दोन्ही पायाकडे पाहून माणसाची जागा ठरवितात, आणि दोन्हींचे कारण विचारले तर उत्तर एकच मिळते: अशीच पद्धत आहे.

कारण सांगता येईल असेही नियम असतात. २००७ साली इंग्लंडमधील आरोग्य खात्याने जाहीर केले की, रुग्णास हात लावणाऱ्या डॉक्टरांनी कोपराखाली काही घालू नये. लांब बाह्या नकोत, मनगटी घड्याळ नको. पुढील वर्षापासून आमचा लांब बाह्यांचा पांढरा कोट गेला आणि टायही सुटला. आम्हास वाईट वाटले, पण अपमान वाटला नाही. कारण हात नीट धुता यावेत हा त्यामागचा हेतू होता आणि तो मोठ्या सर्जनपासून नव्या परिचारिकेपर्यंत सर्वांना सारखाच लागू होता. विहारातही आपण बूट बाहेर काढतो. वहाण काढण्यात अपमान नसतो. एकाने काढावी आणि दुसऱ्याने घालून फिरावे, यात अपमान असतो. नियमाला कारण आहे काय आणि तो सर्वांना सारखा आहे काय, हे दोन प्रश्न विचारावयास आपण कोणत्याही देशात विसरू नये.

काही तरुण मित्र म्हणतात, मग आपण हे नियम मुद्दाम मोडावेत. त्यांच्या अभिमानाचा आम्हास आदर आहे. परंतु दाराबाहेर उभे राहून दाराची रीत बदलता येत नाही. आम्ही प्रथम काळे बूट घेतले, पुढच्या मुलाखतीत नोकरी मिळविली, आणि यथावकाश टेबलाच्या पलीकडच्या बाजूस, मुलाखत घेणाऱ्यांच्या खुर्चीत बसलो. तिथे बसल्यावर आम्ही स्वतःस एक शिस्त लावली: उमेदवार आत आला की त्याच्या पायांकडे पाहावयाचे नाही. एकदा एक मुलगी कुठून तरी मागून आणलेले, मापाने मोठे बूट घालून आली होती. चालताना येणाऱ्या आवाजावरून ते कळत होते. आमच्या एका सहकाऱ्याने नंतर त्यावर शेरा मारला. आम्ही म्हणालो, तिच्या उत्तरांविषयी बोलू या. त्या दिवशी निवड तिचीच झाली, आणि ती केवळ गुणांवर झाली.

नियम शिकणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे हे. आपल्यापैकी पुष्कळजण आता अशा खुर्च्यांत बसतात. रुग्णालयांत, विद्यापीठांत, संगणकाच्या कंपन्यांत आपला शब्द चालतो. कोणाच्या बुटावरून, उच्चारावरून, डब्यातल्या भाजीवरून आपण त्याची पारख करू लागलो, तर आजोबांची ती गल्ली आपण इथे नव्याने बांधली असे होईल. आणि कबूल करावयास हवे की, आपल्याच समारंभांतही नव्याने आलेल्या, घर भाड्याने शोधणाऱ्या बांधवाच्या कपड्यांकडे पाहून भुवया उंचावल्याचे आम्ही पाहिले आहे.

या शहराजवळच नॉर्थॅम्प्टन हे गाव आहे. इंग्लंडमधील उत्तम बूट पिढ्यान् पिढ्या तिथे बनत आले. तिथल्या फुटबॉल संघाचे टोपणनावच 'कॉब्लर्स', म्हणजे जोडे शिवणारे, आणि गावकरी ते अभिमानाने घोषणेत ओरडतात. आपल्याकडे जो शब्द शिवी म्हणून वापरला गेला, तोच इथे विजयाची आरोळी झाला आहे. कातडे तेच, सुई-दोरा तोच. फरक पाहणाऱ्याच्या मनात. मुलांना एकदा ते गाव आणि तिथल्या संग्रहालयातील बुटांचा मोठा संग्रह अवश्य दाखवावा.

त्या मुलास नोकरी मिळाली की नाही, हे विचारावेसे वाचकांस वाटेल. ती मिळाली नाही. पुढच्या महिन्यात दुसरी मिळाली. दोन्ही वेळा बूट काळेच होते. म्हणजे बुटाने नोकरी मिळत नाही. योग्य बूट घातला की एवढेच होते की, समोरच्याचे लक्ष बुटाकडे जात नाही, चेहऱ्याकडे राहते. आमच्या मते काळ्या बुटाचा सर्वांत मोठा गुण हाच.

आणि वडिलांनी घेऊन दिलेला तो टॅन जोड? तो आम्ही टाकला नाही. तीन वेळा तळ बदलले, आणि रंग आता मधासारखा गडद झाला आहे. गेल्या जुलैमध्ये आमच्या कन्येचा पदवीदान समारंभ झाला. उन्हाळ्याचा दिवस होता. आम्ही फिकट करडा सूट घातला आणि खाली तेच बूट. समारंभानंतर एका अनोळखी वृद्ध इंग्रज गृहस्थांनी मुद्दाम थांबून विचारले, "बूट फार सुंदर आहेत, कुठे घेतलेत?" आम्ही म्हणालो, "माझ्या वडिलांनी निवडले." वडिलांची निवड चुकली नव्हती, तिला शोभणारा सूट आम्हास उशिरा मिळाला.

जयभीम!